वजनकाटा सगळ्यात शेवटी: कंपनीत आरोग्यदायी वजनाचा कार्यक्रम सुरू करणाऱ्यांसाठी

आमच्या कारखान्यात पहिल्या वर्षी आम्ही ‘वजन घटवा’ स्पर्धा घेतली. नव्वद दिवसांत जो सर्वांत जास्त किलो कमी करेल त्याला सायकल. कँटीनच्या दारात वजनकाटा, शेजारी फळ्यावर नावं आणि आकडे. चाळीसेक जणांनी नावं दिली. शेवटच्या आठवड्यात काहींनी जेवण सोडलं, एकाने पाणीसुद्धा तोडलं, आणि सेकंड शिफ्टला मशीनवर उभं असताना त्याला भोवळ आली. शेजारच्या ऑपरेटरने वेळेवर मागे ओढलं म्हणून त्याचा हात वाचला. बक्षीस वाटप झालं, फोटो निघाले आणि दिवाळीपर्यंत बहुतेकांचं वजन जिथे होतं तिथे परत आलं.

पण त्या स्पर्धेतलं मला सर्वांत जास्त टोचतं ते वेगळंच. उत्सुकतेपोटी एक काँट्रॅक्टचा मुलगा काट्यावर चढला. काटा ४७ वर थांबला. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, “मॅडम, मला पण कमी करायचंय का?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या कार्यक्रमात त्याच्यासाठी काहीच नव्हतं. तो दुपारी गेटबाहेर वडापाव खायचा, कारण कँटीनचं कूपन फक्त पर्मनंट लोकांना मिळायचं.

तुमची एचआरमध्ये किंवा कामगार कल्याण विभागात नवी नेमणूक झाली असेल, किंवा कँटीन कमिटीवर तुम्हाला घेतलं असेल आणि वरून निरोप आला असेल की “वेलनेसचं काहीतरी सुरू करा”, तर आधी काटा विकत घेऊ नका. माणसांचं वजन मोजण्याआधी कंपनीने स्वतःचं स्वयंपाकघर, शिफ्टचं वेळापत्रक आणि खुर्च्या मोजाव्यात. आमची सुरुवात चुकली तिथे तुमची चुकू नये म्हणून पुढच्या पायऱ्या लिहिते आहे.

पायरी १: ‘योग्य वजन’ म्हणजे काय, हे आधी नीट समजून घ्या

बीएमआय म्हणजे किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण मोजमापात २५ पासून जादा वजन आणि ३० पासून लठ्ठपणा धरतात. भारतीयांसाठी मात्र २००९ साली आपल्याकडच्या तज्ज्ञांनी ही रेषा खाली आणली: २३ पासून जादा वजन, २५ पासून लठ्ठपणा. १८.५ च्या खाली असेल तर वजन कमी. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचं उदाहरण घ्या. त्याचं वजन ५० ते ६२ किलोच्या दरम्यान असेल तर ठीक, ६८ च्या पुढे गेलं तर लठ्ठपणा, आणि ५० च्या खाली आलं तर तीही काळजीचीच गोष्ट.

त्याच्या जोडीला पोटाचा घेर. पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर लावायची. पँटच्या पट्ट्याच्या जागी लावली तर घेर हमखास कमी भरतो, कारण पोट सुटलेल्या माणसाचा पट्टा पोटाच्या खाली सरकलेला असतो.

भारतीयांसाठी वेगळी रेषा का, हे लोक विचारतातच. तेव्हा मी पुण्याचं उदाहरण देते. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा संशोधकांचा एक फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २००४ साली छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. काट्यावर सारखे, आतून वेगळे. हातपाय बारीक आणि पोट पुढे, असे सहकारी प्रत्येक खात्यात दोन-चार असतात. काटा त्यांना ‘ठीक’ म्हणतो आणि साखर मात्र चाळिशीच्या आतच वाढलेली सापडते.

दुसरं टोकही विसरू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के स्त्रियांचा आणि सुमारे २३ टक्के पुरुषांचा बीएमआय २५ किंवा त्याहून जास्त होता. त्याच सर्वेक्षणात सुमारे १९ टक्के स्त्रिया आणि १६ टक्के पुरुष १८.५ च्या खाली होते. दोन्ही गट एकाच गेटमधून कार्ड पंच करून आत येतात. म्हणून कार्यक्रमाच्या नावात ‘घटवा’ हा शब्दच ठेवू नका.

पायरी २: एक आठवडा कँटीन मोजा

याला एक रुपयाही खर्च नाही. स्टोअरमधून कँटीनच्या तेलाचं आणि साखरेचं रजिस्टर मागून घ्या. आठवड्याच्या सुरुवातीचा साठा, मधली आवक आणि शेवटचा साठा यांवरून खरा वापर निघतो. तळून टाकून दिलेलं तेल त्यातून वजा करा. उरलेल्याला वाढलेल्या ताटांच्या संख्येने भागा.

समजा, रोज ४०० ताटं आणि सहा दिवस, म्हणजे २४०० ताटं. १५ किलोचे सात डबे संपले तर झाले १०५ किलो. एका ताटाला जवळजवळ ४४ ग्रॅम तेल. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी, म्हणजे नुसत्या तेलाच्याच ३९० च्या वर. हेच सातऐवजी चार डब्यांत बसवलं तर ताटामागे २५ ग्रॅम होतं आणि प्रत्येकाच्या पोटात रोज सुमारे १७० कॅलरी कमी जातात. कोणाला भाषण नाही, कोणाच्या नावापुढे आकडा नाही.

मी पहिल्यांदा हा हिशोब केला तेव्हा आकडा चुकला असं वाटून तीनदा भागाकार केला होता. तो बरोबर होता.

आणखी एक रजिस्टर बघण्यासारखं असतं: गणवेशाचं. इंग्लंडमधले डॉक्टर जेरी मॉरिस यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसमधल्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना मांडली. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. पुढे १९५६ मध्ये त्यांनी या लोकांना दिलेल्या गणवेशाच्या मापांचा अभ्यास केला आणि ड्रायव्हरांच्या पँटची कंबर जास्त भरली. तुमच्या स्टोअरमध्येही दर वर्षीच्या पँटची मापं असतातच. नावं न घेता फक्त कोणत्या खात्यात ३८ आणि ४० नंबरची मागणी वाढते आहे एवढं पाहा. कोणालाही काट्यावर न चढवता कुठून सुरुवात करायची ते कळतं. आमच्याकडे ते खातं शॉप फ्लोअरवर नव्हतंच, ते निघालं डिझाईन आणि अकाउंट्स.

त्याच आठवड्यात आणखी चार गोष्टी डोळ्यांनी बघून लिहून ठेवा. चहाच्या सुट्टीत गेटबाहेर टपरीवर किती जण जातात आणि काय खातात. पिण्याच्या पाण्याचा कूलर लाईनपासून किती पावलांवर आहे. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची असेल तर त्यातली किती मिनिटं रांगेत जातात. आणि रात्रपाळीला नेमकं काय वाढलं जातं. चौथ्यासाठी एकदा रात्री तिथे जाऊन बसावं लागतं, दुसऱ्याला विचारून चालत नाही.

पायरी ३: माणसं जमवा, आणि शब्द द्या

आधीच्या कारखाने कायदा, १९४८ च्या कलम ४६ प्रमाणे २५० पेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कँटीन ठेवायला लावता येत होतं. कँटीन चालवण्यात कामगारांचे प्रतिनिधी असलेली समितीही त्याच कलमात होती. त्याची जागा २०२५ मध्ये घेतलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहिता, २०२० मध्ये कँटीनसाठीचा आकडा १०० केला आहे, आणि त्यात कंत्राटी कामगारही मोजायचे आहेत. म्हणजे कँटीन समिती ही कायद्यातूनच आलेली गोष्ट आहे. वेगळी ‘वेलनेस टीम’ काढण्यापेक्षा हीच समिती जिवंत करा.

समितीत युनियनचा माणूस, कंत्राटदाराचा माणूस, किमान दोन स्त्रिया, रात्रपाळीतला एक जण आणि मुख्य आचारी हवेतच. आचाऱ्याला बहुतेक ठिकाणी कोणी बोलावत नाही, आणि मग ठराव कागदावर राहतात. आमचे महाराज पहिल्या बैठकीला आले तेव्हा दाराशी उभे राहिले. त्यांना खुर्ची दिली, हिशोब दाखवला. ते म्हणाले, “तेल मी कमी करतो, पण मग कांदा-टोमॅटो वाढवून द्या, नाहीतर रस्सा कशाचा करू?” आमच्या पूर्ण वर्षातली ती सर्वांत कामाची सूचना होती.

पहिल्याच बैठकीत लेखी शब्द द्या: कोणाचंही वजन, साखर, रक्तदाब यांचा बढती, वेतनवाढ, कायम करणं किंवा काँट्रॅक्टचं नूतनीकरण यांच्याशी संबंध असणार नाही. हे मॅनेजरच्या सहीने नोटीस बोर्डवर लागलं पाहिजे. कामगाराच्या मनात पहिली शंका हीच असते, आणि ती रास्त आहे.

पायरी ४: स्वयंपाकघर

तुमचा निम्म्याहून जास्त वेळ इथे जाऊ द्या. नवीन माणूस हमखास इथेच घाई करतो. एका सोमवारी वडा-समोसा बंद, चहा बिनसाखरेचा, पानात काकडी. तीन दिवसांत तक्रार युनियनकडे जाते आणि आठव्या दिवशी सगळं जैसे थे होतं. जेवण हा कामगाराच्या दिवसातला एकमेव स्वतःचा अर्धा तास असतो. त्याला हात लावायचा तर चव राखून आणि हळूहळू.

*चहा.* एका कपात १० ग्रॅम साखर आणि दिवसाला चार कप, म्हणजे ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते, आणि ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण २५ ग्रॅम, राहिली तर आणखी चांगलं. कपामागची साखर १० वरून ९, दोन आठवड्यांनी ८, असं करत ६ पर्यंत आणा. एका ग्रॅमचा फरक जिभेला जेमतेम कळतो. मशीनचा चहा असेल तर आधी पाकीट वाचा. बहुतेक प्रिमिक्समध्ये साखर आधीच मिसळलेली असते, त्यामुळे ‘कमी साखर’चं बटण दाबून काहीच होत नाही. बिनसाखरेचं प्रिमिक्स मागवा आणि साखर बाजूला ठेवा. चहाबरोबरच्या खारी आणि क्रीम रोलऐवजी फुटाणे-शेंगदाणे ठेवले तर पोट टिकतं आणि खिशालाही परवडतं.

*तेल.* डबे मोजून द्यायला सुरुवात करा. आठवड्याला अर्धा डबा कमी, याहून जास्त घाई नको. तर्री वरून ओतण्याची पद्धत असेल तर ती वेगळ्या भांड्यात ठेवा, ज्याला हवी तो घेईल. भाजीत कांदा-टोमॅटो वाढवा, दाण्याचं कूट मोजून घाला. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा वापरायचं नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार तेलातली खराब झालेली ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल स्वयंपाकात वापरता येत नाही. ते तपासायचं हातातलं यंत्र मिळतं. नसेल तर तळणीचा दिवस आठवड्यातून एकच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्या तेलात फोडणी होत नाही ना, ते स्वतः पाहा.

*ताट.* आपल्या कँटीनच्या ताटात भात-चपातीचा डोंगर आणि त्यात बटाटा, असं चित्र असतं. प्रथिनं कमी पडतात, म्हणून भूक लवकर लागते आणि चार वाजता टपरी गाठली जाते. मटकी, मूग, चवळी, हरभरा यांची घट्ट उसळ रोज एक वाटी, सोबत ताक आणि शक्य तिथे आठवड्यातून दोनदा अंडी. रांगेची मांडणी बदला: आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाजी, शेवटी भात. ताटात जे आधी पडतं ते जास्त जागा घेतं. ज्वारी किंवा बाजरीची भाकरी आठवड्यातून दोन दिवस ठेवून बघा. पण ती गरमच हवी. थंड, चिवट भाकरी वाढून “लोकांना भाकरी आवडत नाही” असा निष्कर्ष काढलेल्या कंपन्या मी पाहिल्या आहेत.

*सण, वाढदिवस, उपवास.* उपवासाच्या दिवशी साबुदाणा खिचडी आणि बटाट्याची भाजी म्हणजे पिठूळपणा आणि तेल दोन्ही. वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, दही, केळं, राजगिरा हे सगळं आपल्या घरात आहेच. वाढदिवसाचे केक मात्र ऑफिसमधली मोठी अडचण. तीस जणांच्या खात्यात महिन्याला दोन-तीन केक सहज होतात. महिन्यातून एकदाच सगळ्यांचा मिळून वाढदिवस, एवढा साधा नियम आमच्या ऑफिसने स्वतःहून केला. दिवाळीच्या मिठाईला मी हात लावत नाही. वर्षातून एकदा येते, आनंदाने खाऊ द्या.

*कूपन.* मला तुमच्याकडून एकच बदल करवून घेता आला असता तर तो हा. पर्मनंट, काँट्रॅक्ट, ट्रेनी, सफाई करणाऱ्या मावशी, गेटवरचे वॉचमन, सगळ्यांना त्याच दरात तेच ताट. ज्याचं वजन कमी आहे त्याला सल्ला नको असतो, त्याला दुपारचं पोटभर जेवण हवं असतं. मॅनेजमेंटला खर्चाची भीती वाटेल. तेव्हा वाचलेल्या तेल-साखरेचा हिशोब पुढे करा. आमच्याकडे त्यातून सगळा खर्च भागला नाही, पण बोलणी तिथून सुरू झाली. तो ४७ किलोचा मुलगा कूपन मिळाल्यावर पहिले काही दिवस दोन वाट्या उसळ घ्यायचा. वाढणाऱ्याला मी सांगून ठेवलं होतं, त्याचा हात थांबवू नका.

पायरी ५: रात्रपाळी

थर्ड शिफ्टच्या माणसाला दिवसपाळीचा आहारतक्ता देऊ नका. रात्री शरीर झोपेच्या तयारीत असतं. पहाटे तीनला दिलेला पुरी-भाजीचा मारा त्याला पेलत नाही, वर पेंग येते ती वेगळीच. मुख्य जेवण घरून निघण्यापूर्वी. एकच्या सुमाराला हलकं ताट: खिचडी-कढी, अंडं, उसळ, ताक. तीननंतर कडक चहा टाळलेला बरा, कारण सकाळी जाऊन झोपायचं असतं. घरी गेल्यावर थोडा नाश्ता करून झोपलं की भुकेने दुपारी बाराला जाग येत नाही.

झोप कमी झाली की भूक वाढते आणि मन गोड-तळलेल्याकडेच जातं. म्हणून शिफ्टचं वेळापत्रक हा वजनाच्या कार्यक्रमाचाच भाग आहे. पाळ्या फर्स्ट, सेकंड, थर्ड अशा पुढच्या दिशेने फिरवल्या तर शरीर जास्त सहज जुळवून घेतं. आणि डबल मारणं, म्हणजे सलग दोन पाळ्या करणं, नेहमीचं झालं असेल तर प्रॉडक्शन मॅनेजरशी बसून बोला. सोळा तास काम करून आलेल्या माणसाला ‘रोज तीस मिनिटं चाला’ सांगणं मला तरी जमत नाही.

पायरी ६: हालचाल, पण कोणाची?

इथे कारखान्याचे दोन भाग करा. असेंब्ली लाईनवर आठ तास उभा असणारा, वाकणारा, उचलणारा माणूस आधीच हलतो आहे. त्याला झुंबा नको, बसायला स्टूल हवं, दर दोन तासांनी पाठ-खांदे मोकळे करायला पाच मिनिटं हवीत. ही पाच मिनिटं शिफ्टच्या वेळेतली असावीत, सुट्टीतून कापलेली नाहीत. शिफ्ट सुरू होताना सुपरवायझरने स्वतः सगळ्यांबरोबर हात-पाय हलवले तर ते टिकतं. तो बाजूला फोनवर बोलत उभा राहिला की दुसऱ्या आठवड्यात बंद पडतं.

ऑफिसमधल्या लोकांचं उलट. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम करावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जिन्यात दिवे आणि स्वच्छता ठेवा. लिफ्टची बंदी नको, गुडघेदुखीवाल्यांना आणि गरोदर बायकांना ती लागते. पंधरा मिनिटांची बैठक उभ्याने घ्या. जेवणानंतर आवारात दहा मिनिटांची फेरी मारायला सावलीची वाट करून द्या. झाडांखालचा तो रस्ता साफ करून घेतल्यावर आमच्याकडे कोणी न सांगता माणसं चालायला लागली. कंपनीची बस गेटच्या आत खात्याच्या दारापर्यंत येत असेल तर ती गेटवरच थांबवा. जाता-येता मिळून पंधरा मिनिटं चालणं होतं.

जिमबद्दल थोडक्यात: पैसे असतील तर करा. पण ती बहुतेक वेळा तेच वापरतात जे आधीच बाहेर जिमला जातात.

पायरी ७: आता काटा आणा

चार-सहा महिने गेले, जेवण सुधारलं, लोकांचा विश्वास बसला की मग तपासणी. दार बंद असलेली खोली हवी. स्त्रियांची मोजमापं स्त्री परिचारिकेनेच घ्यावीत. उंची, वजन, घेर, रक्तदाब आणि गरज असेल तर साखर. आकडा मोठ्याने वाचायचा नाही, चिठ्ठीवर लिहून त्या व्यक्तीच्याच हातात द्यायचा. तपासणी ऐच्छिक. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा संमतीवर उभा आहे, पण कायदा नसता तरी हेच करायला हवं होतं. मूळ नोंदी कंपनीच्या डॉक्टरांकडे. एचआरला फक्त एकत्रित आकडे, आणि खातं फार छोटं असेल तर तेही नकोत, कारण सहा माणसांत कोण ते सहज ओळखता येतं.

तपासणी करून हातात चिठ्ठी देणं आणि पुढे काहीच न करणं हे माणसाला घाबरवून सोडून देण्यासारखं आहे. ज्यांची साखर किंवा रक्तदाब जास्त निघेल त्यांना कुठे पाठवायचं ते आधी ठरवा. मासिक वेतन २१ हजार रुपयांपर्यंत असलेल्यांसाठी ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, दवाखाना आहे. तिथे जायला अर्ध्या दिवसाची पगारी मोकळीक द्या. ज्यांचं वजन कमी आहे त्यांचं हिमोग्लोबिन तपासा, आणि वजन अलीकडे न करता उतरलं असेल तर क्षयरोग आणि मधुमेह दोन्हीची चौकशी डॉक्टरांकडून व्हायलाच हवी. वजन वाढण्यामागे थायरॉईड, पीसीओएस (स्त्रियांमधला संप्रेरकांचा विकार) किंवा चालू औषधंही असू शकतात. बाळंतपणानंतर कामावर परतलेल्या मुलीला तर वजनाबद्दल कोणी काही बोलूच नये.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल आता रोज विचारणा होते. मॅनेजरपासून ट्रेनीपर्यंत सगळे विचारतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची औषधं आहेत. कंपनीने ती सुचवू नयेत, आणि कोणी घेत असेल तर त्याची चर्चाही करू नये.

आणखी एक गोष्ट, जी कोणत्याच तक्त्यात बसत नाही. ‘जाड्या’, ‘ढेरी’, ‘सुकडा’, ‘काडी’ ही नावं शॉप फ्लोअरवर प्रेमाने घेतली जातात असं सांगतात. ज्याला ती लागतात त्याला एकांतात विचारा. चिडवल्याने कोणाचं वजन उतरल्याचं मी पाहिलेलं नाही. डबा लपवून खाणं आणि मग घरी जाऊन जास्त खाणं पाहिलं आहे. सुपरवायझरांच्या प्रशिक्षणात यासाठी पंधरा मिनिटं ठेवा.

पायरी ८: साहेबांना काय सांगायचं

तिसऱ्या महिन्यातच विचारणा होईल, “एकूण किती किलो कमी झाले?” तेव्हा खरं सांगायची तयारी ठेवा.

अमेरिकेत एका मोठ्या घाऊक दुकानसाखळीत १६० ठिकाणच्या सुमारे ३३ हजार कर्मचाऱ्यांवर वेलनेस कार्यक्रमाचा काटेकोर प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकून काही ठिकाणी कार्यक्रम, बाकीच्या ठिकाणी नाही. २०१९ मध्ये आलेल्या निष्कर्षांत, दीड वर्षानंतर कार्यक्रमातले जास्त लोक नियमित व्यायाम करतो, वजनाकडे लक्ष देतो असं सांगत होते. पण बीएमआय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, गैरहजेरी, उपचारांचा खर्च यांत ठळक फरक नव्हता. इलिनॉय विद्यापीठातल्या अशाच प्रयोगात दिसलं की नाव नोंदवणारे लोक मुळात आधीपासूनच जास्त तब्येत राखणारे होते. मॉरिस यांच्या गणवेशांनीही तोच इशारा दिला होता: ड्रायव्हरांच्या पँट तरुण वयातही कंडक्टरांपेक्षा रुंद होत्या, म्हणजे सगळा दोष खुर्चीचा नव्हता, काही फरक माणसं नोकरीत येतानाच घेऊन आली होती.

हे वाचून मी काही दिवस खचले होते. मग लक्षात आलं की ते कार्यक्रम मुख्यतः वर्ग, माहिती आणि प्रोत्साहनाचे होते, येईल त्याच्यासाठी. स्वयंपाकघरातलं तेल कमी होतं तेव्हा कोणाला नाव नोंदवावं लागत नाही. जो कधीच व्याख्यानाला येणार नाही, त्याच्याही ताटात ते कमी होतं. म्हणून साहेबांना किलो सांगू नका, हे आकडे द्या: ताटामागे तेल किती ग्रॅम, कपामागे साखर किती, कूपन मिळणारे किती टक्के, रात्रपाळीत ताजं जेवण आठवड्यातून किती दिवस, तपासणीत जास्त आढळलेल्यांपैकी प्रत्यक्ष डॉक्टरांकडे पोहोचले किती. हे तुमच्या हातातले आकडे आहेत. वजनाचा एकत्रित आकडा वर्षातून एकदाच बघा, आणि तो हलला नाही तर घाबरू नका. चाळिशीकडे जाणाऱ्या माणसांच्या गटाचं वजन दोन वर्षं वाढलं नाही, हीसुद्धा मिळकत आहे.

बाहेरच्या शिक्क्याने मॅनेजमेंटचा उत्साह टिकत असेल तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाची ‘ईट राईट कॅम्पस’ योजना कंपन्यांच्या आवारांसाठीही आहे. तिच्या निमित्ताने स्वच्छतेची तपासणीही होऊन जाते.

कँटीनचं कंत्राट संपायला आलं की

वर्षभर केलेलं सगळं एका दिवसात जातं ते इथे. नवा कंत्राटदार येतो, सर्वांत कमी दर भरलेला असतो, आणि पहिल्या आठवड्यात उसळ पातळ होते, बटाटा परत येतो. आम्ही एकदा हे भोगलं. त्यानंतर निविदेतच लिहून घेतो: ताटामागे तेलाची कमाल मर्यादा, घट्ट उसळीचं वाढून झाल्यावरचं वजन, कोशिंबीर रोज, तळण आठवड्यातून एकदा, पामतेल चालणार नाही, रात्रपाळीला दिवसाचं उरलेलं वाढायचं नाही, आणि तेल-साखरेचं रजिस्टर समितीला कधीही बघता येईल. दर या अटींवर मागवायचे, अटी दरावरून ठरवायच्या नाहीत. शक्य असेल तर जुने महाराज आणि वाढणारी माणसं नव्या कंत्राटात कायम राहतील अशी अट घाला. कोणाच्या ताटात उसळ वाढताना हात थांबवायचा नाही, हे त्यांनाच माहीत असतं.